कॅप असून "नो कॅप", नसून "ओके": ट्यूबवरच्या कॅमेऱ्याचा नेहमीचा घोळ

पॅथॉलॉजी लॅबमध्ये ट्यूबवर कॅप (झाकण) आहे का हे एक कॅमेरा बघतो आणि चूक वाटली की ट्यूब बाजूला काढतो. तोच चुकायला लागला तर काय तपासायचं ते इथे. आधी लक्षणं. तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते ओळखा आणि मगच खाली उतरा, कारण लक्षणावरून अर्धं काम होतं.

- ट्यूबवर कॅप घट्ट बसलेली, तरी स्क्रीनवर "नो कॅप" आणि ट्यूब रिजेक्टला. तेही दिवसभर नाही, ठरावीक वेळेलाच.
- एकाच रंगाला त्रास. बाकी सगळ्या सुटतात, फक्त लाल अडकते, किंवा फक्त ग्रे.
- ट्यूब उघडी आहे आणि कॅमेरा म्हणतो कॅप आहे. कमी वेळा होतं पण झालं की महागात पडतं.
- रॅकच्या कडेच्या जागांवरच चूक, मधल्या सगळ्या बरोबर.
- एका ट्यूबचं उत्तर शेजारच्या ट्यूबच्या नावावर.
- शनिवारपर्यंत छान चाललं होतं, सोमवारी ट्यूबचा नवीन बॉक्स फोडला आणि गोंधळ चालू.
- युरीनच्या डबीचं झाकण तिरकं बसलंय, आटे नीट लागलेले नाहीत, तरी "ओके".

मी नाशिकमध्ये ऑटोमेशनची कामं करतो. आधी अंबड-सातपूरच्या कारखान्यांत बाटल्यांची झाकणं बघणारे कॅमेरे बसवायचो, तिथून पॅथॉलॉजी लॅबची कामं यायला लागली. कारखान्यात सगळ्या बाटल्या एकाच साच्यातल्या असतात, लॅबमध्ये मात्र एकाच रॅकमध्ये १३ बाय ७५ (मिलिमीटर) ची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन घातलेली), १३ बाय १०० ची जेलवाली, मध्येच कुठल्यातरी लोकल कंपनीची साध्या बुचाची ट्यूब, आणि पेठ-सुरगाण्याहून आइसबॉक्समधून आलेली ओली ट्यूब असा सगळा भेळभत्ता असतो, आणि लोकांची अपेक्षा असते की कॅमेऱ्याने सगळं एका नजरेत ओळखावं. ओळखतो, पण त्याला नीट दिसलं तर. बहुतेक ठिकाणी मला बोलावतात ते "मॉडेल बिघडलंय, परत ट्रेन करा" म्हणून (मॉडेल म्हणजे फोटोंवरून शिकलेलं सॉफ्टवेअर), आणि सापडतं ते लाइटमध्ये नाहीतर ट्यूबमध्ये. मॉडेलला हात लावायची पाळी फार कमी वेळा येते. म्हणून खालचा क्रम पाळा, फुकटातल्या गोष्टी आधी.

सुरू करण्याआधी एक ठरवा: तुमच्याकडे कुठली चूक जास्त वाईट?

हे लॅबवाल्यांना विचारलं की म्हणतात "दोन्ही". तसं नसतं. कॅमेऱ्याच्या पुढे काय आहे त्यावर ते ठरतं. पुढे सेंट्रिफ्यूज (ट्यूब गरगर फिरवणारं यंत्र) असेल तर उघडी ट्यूब आत जाणं वाईट, सॅम्पल उडतं, हवेत बारीक तुषार जातात, बकेट खराब होतं. पुढे ॲनालायझर (तपासणीचं मशीन) असेल आणि त्याचा प्रोब, म्हणजे सॅम्पल ओढणारी सुई, कॅप भोसकणारा नसेल तर कॅप असलेली ट्यूब खाली जाणं वाईट, प्रोब वाकतो आणि त्या दिवशीचे रिपोर्ट लटकतात. सीबीसीची बरीच मशीन कॅपमधूनच सॅम्पल ओढतात, तिथे गणित उलटं. एका कागदावर लिहून मशीनवर चिकटवा की इथे कुठल्या बाजूला चुकलं तर चालेल. पुढे थ्रेशोल्डची ("आहे" आणि "नाही" यांच्यातल्या सीमेची) गोष्ट येईल तेव्हा हाच कागद लागतो.

आणि प्रयोग पेशंटच्या सॅम्पलवर करू नका. एक्सपायर झालेल्या रिकाम्या ट्यूब घ्या, प्रत्येक रंगाच्या दोन-दोन, पाण्यात खायचा लाल रंग घालून भरा, एकीला कॅप ठेवा, एकीची काढा. हा टेस्ट रॅक कायमचा कपाटात ठेवायचा. ग्लोव्हज तरीही घाला, मशीनच्या आत आधी काय सांडलंय ते तुम्हाला दिसत नाही.

१. फोटो उघडून बघा

फुकट आहे आणि कोणी करत नाही. बहुतेक सॉफ्टवेअर रिजेक्ट झालेल्या ट्यूबचा फोटो सेव्ह करतं, नसेल करत तर सेटिंगमध्ये ते चालू करा. शेवटचे वीस-पंचवीस फोटो एकाशेजारी एक उघडा आणि स्वतःच्या डोळ्यांनी ओळखायचा प्रयत्न करा. तुम्हालाच कळत नसेल कॅप आहे की नाही, तर सॉफ्टवेअरला दोष देऊन उपयोग नाही, अडचण फोटोत आहे, म्हणजे खालचे २ ते ६ मुद्दे. तुम्हाला स्वच्छ दिसतंय आणि तरी उत्तर चुकतंय, तर ७ आणि ८ कडे.

प्रत्येक फोटोपुढे तीन गोष्टी वहीत लिहा: वेळ, रॅकमधली जागा, कॅपचा रंग. एका लॅबमधल्या टेक्निशियन मॅडम मला म्हणाल्या होत्या, "सर, सकाळी शहाण्यासारखं चालतं, चारनंतर येड्यासारखं करतं." या एका वाक्यातच निदान होतं. पश्चिमेची खिडकी होती.

२. पुसा

लेन्स आणि तिच्यापुढची काच. लॅबमध्ये टेबल १ टक्का हायपोने (हायपोक्लोराइट, जंतुनाशक) पुसायची सवय असते, तोच फडका कॅमेऱ्यावरूनही फिरतो आणि सुकल्यावर काचेवर पांढरट थर राहतो. फोटो मग धुक्यातल्यासारखा येतो, कॅपची कड बोथट होते, आणि कॅप ओळखायची तर कडच महत्त्वाची. लेन्सला हायपो नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा टिश्यू, आणि पातळ थेंब टिश्यूवर घ्यायचा, लेन्सवर थेट स्प्रे मारायचा नाही. मागे बॅकलाइटचं पांढरं पॅनल असेल तर तेही पुसा, त्याच्यावरचा रक्ताचा एक सुकलेला ठिपका दर वेळी त्याच जागी "काहीतरी आहे" असं दाखवत राहतो.

३. बाहेरचा उजेड

यात सगळ्यात जास्त केसेस सुटतात म्हणून इथे जरा थांबतो.

पहिली परीक्षा: खोलीचे दिवे बंद करा, पडदा ओढा, टेस्ट रॅक चालवा. चूक गेली? मग बाहेरचा उजेड आत शिरतोय. कायमचा उपाय म्हणजे स्टेशनला (कॅमेरा ट्यूब बघतो त्या जागेला) तिन्ही बाजूंनी आणि वरून काळं आवरण. आधी पुठ्ठ्याचं करून बघा, जमलं की मॅट काळ्या शीटचं बनवून घ्या. चकचकीत काळं ॲक्रिलिक लावू नका, ते आरशासारखं वागतं.

दुसरी गोष्ट लुकलुक. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूबलाइट आणि स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याचा एक्स्पोजर (एका फोटोसाठी उजेड घ्यायचा वेळ) २-३ मिलिसेकंद असेल तर एक फोटो उजळ, दुसरा काळपट, नाहीतर फोटोत आडवे पट्टे. एक्स्पोजर १० किंवा २० मिलिसेकंद ठेवला तर प्रत्येक फोटोत पूर्ण लाट येते आणि फरक मरतो. पण ट्यूब चालत्या पट्ट्यावर असेल तर १० मिलिसेकंदात फोटो हलतो, तिथे बाहेरचा उजेड झाकणं आणि स्वतःचा लाइट जोरात ठेवणं हाच मार्ग. लाइट गेली आणि खोली इन्व्हर्टरवर आली की चुका वाढतात असं कोणी सांगितलं तर त्यालाही येडा समजू नका, उजेडाचा प्रकार खरंच बदलतो.

तिसरं, चमक. कॅपचं प्लॅस्टिक गुळगुळीत असतं, वरून रिंग लाइट पडला की कॅपवर पांढरं कडं उमटतं आणि तेवढ्या भागात रंगच उरत नाही. रिंगवर दुधी शीट लावा किंवा लाइट तिरका करा. घरगुती उपाय म्हणून बटर पेपरही चालतो, ट्रायलपुरता.

४. स्वतःचा लाइट आणि ऑटो सेटिंग

कॅमेऱ्यात ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स चालू आहे का बघा. चालू असेल तर बंद करा, आत्ताच. मोबाइलला हे वरदान, इथे शाप. समोर सलग पाच जांभळ्या कॅप आल्या की ऑटो व्हाइट बॅलन्स म्हणतो फोटो फार जांभळा झाला, आणि रंग मागे ओढतो, मग सहावी, फिकट निळ्या कॅपची सायट्रेट ट्यूब भलत्याच रंगाची दिसते. एक पांढरा-करडा कागद समोर ठेवून बॅलन्स एकदा सेट करायचा आणि लॉक करायचा.

लाइट जुना झाला असेल तर मंद होतो, दुधी शीट पिवळी पडते. अडॅप्टरचा व्होल्टेज मल्टिमीटरने लोडवर मोजा, म्हणजे लाइट चालू असताना. लिहिलेल्यापेक्षा बराच कमी येत असेल तर अडॅप्टर बदला, स्वस्त पार्ट आहे. हे मोजणं २४ व्होल्टच्या बाजूचं, २३० च्या बाजूचं नाही.

५. ट्यूब बघा, कॅमेरा नको

नवीन बॉक्स, नवीन लॉट, नवीन कंपनी. ट्यूबच्या आत काय घातलंय त्यावरून रंगाचे संकेत ठरलेले आहेत, ईडीटीए जांभळी, सायट्रेट फिकट निळी, फ्लोराइड ग्रे, हेपॅरिन हिरवी, प्लेन लाल, जेलवाली पिवळी, पण एका कंपनीची जांभळी आणि दुसरीची जांभळी शेजारी ठेवा, फरक डोळ्यालाही दिसतो. उंची वेगळी, कडेच्या खाचा वेगळ्या.

वरून बघणारा कॅमेरा असेल तर एक खास गोची आहे. रबरी बुचावर प्लॅस्टिकचं कवच असलेली कॅप वरून बघा: बाहेर रंगीत कडं, मध्ये खोलगट रबराचा काळसर गोल. आता उघडी ट्यूब वरून बघा: बाहेर ट्यूबच्या काठाचं कडं, मध्ये काळसर गोल. पेशंटचं रक्त वरपर्यंत भरलेलं असेल तर विचारूच नका. दोन्हीत रंग फिका पडला की फरक जवळजवळ संपतो. म्हणून फक्त वरच्या कॅमेऱ्यावर कॅप आहे-नाही ठरवणं मला पटत नाही. बाजूने, मागून उजेड देऊन घेतलेली सावली बघा, कॅप ट्यूबपेक्षा रुंद असते, वरचा भाग रुंद दिसला की कॅप आहे, रंगाची भानगडच नाही. रंग वापरा तो कुठली ट्यूब आहे हे सांगायला. आहे की नाही हे आकाराने ठरवायचं.

सावलीलाही फसवणाऱ्या गोष्टी आहेत. बारकोडचं लेबल वर चढवून चिकटवलंय आणि त्याचं टोक झेंड्यासारखं बाहेर आलंय, की सॉफ्टवेअरला वाटतं वरचा भाग रुंद. कॅप हरवली म्हणून कोणीतरी कापूस नाहीतर पॅराफिल्म (ताणून लावायची मेणासारखी पट्टी) लावलेली. आणि ओल: २ ते ८ अंशाच्या फ्रिजमधून काढलेली ट्यूब पावसाळ्यात लगेच घामेजते, जून ते सप्टेंबर इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूने येणारे बॉक्स तर आतूनच ओले असतात. रॅकमध्ये लावण्याआधी पुसा, दहा मिनिटं बाहेर ठेवणं चालत असेल तर ठेवा, पण ते टेस्टवर अवलंबून आहे, टेक्निशियनला विचारल्याशिवाय नाही.

डब्यांच्या झाकणाचं वेगळं. तिथे झाकण आहे हे पुरेसं नसतं, सरळ बसलंय का हे बघावं लागतं. झाकणाच्या डाव्या आणि उजव्या टोकाची उंची मोजा, दोन्हीत फरक आला तर तिरकं. आटे अर्धे लागलेत पण झाकण सरळ आहे, हे मात्र फोटोत उंचीच्या मिलिमीटरवरूनच कळेल, तेवढं रिझोल्यूशन नसेल तर कॅमेऱ्याकडून ती अपेक्षा सोडा आणि माणसाने हाताने पिळून बघावं.

६. जागा, ट्रिगर, फोकस

कडेच्याच जागा चुकतात म्हणजे कॅमेरा थोडा फिरलाय, रॅक वाकलाय किंवा लेन्सच्या कडेला फोकस नाही. सेंट्रिफ्यूज त्याच टेबलावर असेल तर थरथरीने लेन्सचा छोटा लॉक स्क्रू सैल होतो, हे मी सगळ्यात आधी हाताने चाचपतो. फोकस परत लावला की स्क्रू आवळा आणि लेन्स-ब्रॅकेटवर पेंट मार्करने एक रेघ मारा, पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की सरकलंय हे लगेच कळतं.

शेजारच्या ट्यूबचं उत्तर येत असेल तर ट्रिगर बघा, म्हणजे ट्यूब समोर आली, फोटो काढ असं कॅमेऱ्याला सांगणारा सेन्सर. पारदर्शक ट्यूब फोटोसेन्सरला कधी दिसते कधी नाही, रिकामी असेल तर आरपारच जाते किरण. सेन्सर लेबलच्या उंचीवर आणा. केबलही बघा, यूएसबी २ ची केबल ५ मीटरच्या पुढे नेऊ नका, यूएसबी ३ असेल तर ३ मीटरच्या आत बरं, लांब एक्स्टेन्शन लावलं की फ्रेम गळतात आणि सॉफ्टवेअर जुनाच फोटो परत तपासतं. लक्षण ओळखायचं असं की दोन वेगवेगळ्या बारकोडचे सेव्ह झालेले फोटो हुबेहूब एकच निघतात.

७. रंगाचं गणित

इथपासून सॉफ्टवेअर, येत असेल त्यानेच हात लावा.

फक्त लाल कॅप अडकते, आणि प्रोग्रॅम ओपनसीव्हीवर (फोटो तपासायची तयार लायब्ररी) एचएसव्ही रंगाने, म्हणजे ह्यू (रंगछटा), सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) आणि उजेड असे तीन आकडे धरून लिहिलाय? तर जवळजवळ नक्की हे कारण: ओपनसीव्हीत ह्यू ० ते १७९ असतो आणि लाल दोन्ही टोकांना असतो, ० च्या जवळही आणि १७९ च्या जवळही. लिहिणाऱ्याने एकच पट्टा धरला असेल तर अर्धे लाल बाहेर राहतात. दोन पट्टे घेऊन एकत्र करा.

ग्रे, काळी, पांढरी यांना ह्यू विचारूच नका, ज्यात रंगच नाही तिथे तो आकडा कसाही उडतो. आधी सॅच्युरेशन बघा, कमी असेल तर उजेडाच्या पातळीवरून ठरवा. काळ्या पार्श्वभूमीवर ईएसआरच्या (रक्ताची एक तपासणी) ट्यूबची काळी कॅप आणि पांढऱ्यावर पांढरं झाकण हे गणिताने सुटत नाही, पार्श्वभूमी बदला.

अपडेटनंतर लाल आणि निळ्याची अदलाबदल झाली? ओपनसीव्ही फोटो बीजीआर (निळा-हिरवा-लाल) क्रमाने वाचतं, बाकीच्या बऱ्याच लायब्ररी आरजीबी (लाल-हिरवा-निळा). कोणीतरी मध्ये एक ओळ काढलीये.

८. थ्रेशोल्ड आणि मॉडेल, सगळ्यात शेवटी

थ्रेशोल्ड खाली-वर करून चूक जात नाही, एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूला जाते. तो मशीनवर चिकटवलेला कागद आठवा आणि ज्या बाजूला चुकलं तर चालेल तिकडेच सरकवा. त्याहून बरं म्हणजे तिसरं उत्तर ठेवा, "सांगता येत नाही", आणि अशा ट्यूब माणसाकडे. दोनच पर्याय शिकवलेल्या मॉडेलला तुम्ही कापसाचा बोळा दाखवला तरी ते दोनांपैकी एक सांगणार, आणि तेही छाती ठोकून, त्यामुळे नुसत्या कॉन्फिडन्सच्या आकड्यावर जाऊ नका, सावलीची रुंदीही सोबत तपासा, दोघांचं जुळलं नाही तर माणसाकडे.

परत ट्रेन करायचंच असेल तर चुकलेले फोटो गोळा करा, चांगले फोटो ढिगाने आहेतच. ट्रेनिंग आणि टेस्टची वाटणी ट्यूबनुसार करा, फोटोनुसार नाही. एकाच ट्यूबचे दहा फोटो असतात, त्यातले आठ इकडे दोन तिकडे गेले की रिझल्ट झकास येतो आणि लॅबमध्ये आपटतो. रंग ओळखायचा असेल तर ऑगमेंटेशनमध्ये (फोटो मुद्दाम थोडे बदलून त्यांची संख्या वाढवणं) रंग हलवायचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर तुम्हीच त्याला शिकवताय की हिरवी आणि निळी सारखीच. लेबलवर पेशंटचं नाव असतं, फोटो ट्रेनिंगला देण्याआधी तेवढा भाग कापा. २०२३ पासून डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, पण कायदा नसता तरी हे करायलाच पाहिजे होतं.

बदल झाला की टेस्ट रॅक पूर्ण चालवा, प्रत्येक रंग, उघडी आणि बंद, आणि निकाल तारखेसह लिहून ठेवा. लॅबला एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असेल तर ती नोंद तसंही विचारणार.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

कॅमेरा ॲनालायझरच्या किंवा मोठ्या ट्रॅकच्या आत बसवलेला असेल तर पुसण्यापलीकडे काही करू नका, तेही मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) असेल तर त्याचा इंजिनिअर. आतली सेटिंग बदललीत तर मशीनची जबाबदारी तुमच्यावर येते, वॉरंटी जाते ते वेगळंच.

२३० व्होल्टचं पॅनल, जळका वास, ब्रेकर परत परत पडणं: इलेक्ट्रिशियन.

कॅप काढणाऱ्या यंत्राचा ग्रिपर (कॅप धरणारा पंजा), किंवा दरवाजाचा सेफ्टी स्विच: दरवाजा उघडा ठेवून चालवून बघू म्हणून स्विचला मॅग्नेट किंवा टेप लावायची पद्धत मी बऱ्याच ठिकाणी बघितलीये, बोट जाईल. इमर्जन्सी स्टॉप दाबा आणि फोन करा.

प्रोब एकदा कॅपला आपटला असेल तर कॅमेरा दुरुस्त झाला तरी ॲनालायझर सर्व्हिस इंजिनिअरने बघितल्याशिवाय चालू करू नका, प्रोब किंचित वाकलेला असला तरी ओढलेलं सॅम्पल कमी-जास्त होतं आणि रिपोर्ट दिसायला नॉर्मल येतो. प्रोब किंवा फुटलेली ट्यूब हाताला लागली तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, लगेच लॅबच्या डॉक्टरांना सांगा. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध लागलंच तर ते ७२ तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं चांगलं.

आणि उघडी ट्यूब "कॅप आहे" म्हणून परत गेली, कारण सापडलेलं नाही, तर स्टेशन बंद ठेवा आणि त्या दिवसाचं काम हाताने करा. टेक्निशियन कुरकुरतील, कुरकुरू दे.

इंजिनिअरला फोन करताना चुकलेले आठ-दहा फोटो, वहीतल्या नोंदी, ट्यूबची कंपनी आणि लॉट नंबर, आणि शेवटचा बदल काय झाला (दिवा, पडदा, अपडेट, टेबल सरकवणं, काहीही) एवढं तयार ठेवा. फोटो व्हॉट्सॲपवर टाकताना लेबलवर पट्टी मारा.